तलावासारखाच दवाखानाही गावाचा



रोवणीचे दिवस डोळ्यांपुढे आणा. आभाळ भरून आले आहे, बांधीत गुडघाभर चिखल आहे, बाया रांगेने वाकून पऱ्हे लावीत आहेत. दिवसभराच्या कामाने अंग आंबून जाते. रात्री चार घास पोटात ढकलून माणसे जमिनीवरच अंथरूण टाकतात आणि पडल्या पडल्या त्यांचा डोळा लागतो. समजा, अशाच एका पहाटे घरातला कर्ता मुलगा पोट दुखते म्हणून उठला. थोड्याच वेळात त्याच्या पापण्या जड झाल्या, बोलणे जड झाले, घोट गिळवेना. अंगावर चावल्याची खूण नाही, रक्त नाही, सूज नाही. कुणी म्हणते, अपचन झाले असेल. कुणी म्हणते, बाहेरचे काहीतरी लागले. कुणी शेजारच्या गावच्या मांत्रिकाला आणायला सायकल काढतो.

अशा वेळी तुम्ही काय कराल?

हा मण्यारीचा दंश आहे. मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. तिचे दात इतके बारीक असतात की कित्येकदा दंश कळतसुद्धा नाही. अशा वेळी पहिल्या तासाभरात गाडी कोणत्या दिशेला वळली, यावर त्या मुलाचे प्राण अवलंबून असतात. तिला वळवण्याची जागा आपल्या तालुक्यातच आहे. सगळ्या देशात तिला सामुदायिक आरोग्य केंद्र म्हणतात, आपल्याकडे ग्रामीण रुग्णालय. आपण तिला नुसते ‘सरकारी दवाखाना’ म्हणतो, आणि कित्येकदा नाक मुरडूनच म्हणतो. या दवाखान्याचा आपल्या घराला काय उपयोग आहे, आणि तो चांगला चालावा म्हणून आपण काय करावे, ते आज पाहू.

वरच्या बांधीतून खालच्या बांधीत

आपला गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. गोंदिया, तिरोडा, गोरेगाव, आमगाव, सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी आणि अर्जुनी मोरगाव असे आठ तालुके, पोटात धान आणि अंगाखांद्यावर तलाव. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १३ लाख २२ हजार होती. त्यातली बहुतेक माणसे खेड्यांत राहतात. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव या बाजूला तर जंगलातल्या पाड्यावरून पक्क्या सडकेपर्यंत येणे हेच एक काम असते.

तलावाचे पाणी शेवटच्या बांधीपर्यंत कसे पोहोचते, हे तुम्हांला सांगायला नको. तलावातून पाटात, पाटातून एका बांधीत, तिथून पुढच्या बांधीत. मध्ये कुठे धुरा फुटला की शेवटचा शेतकरी कोरडा राहतो. आरोग्याची व्यवस्थाही अशीच आखली आहे, फक्त वाट उलटी आहे. इथे रोगी खालून वर जातो.

अगदी खाली, तुमच्या गावात आशाताई आहे. तिच्यावर उपकेंद्र. सपाट भागात ५,००० लोकांमागे एक आणि डोंगरी किंवा आदिवासी भागात ३,००० लोकांमागे एक, असा त्याचा नियम आहे. तिथे परिचारिका सिस्टर असतात. त्यावर प्राथमिक आरोग्य केंद्र, ३०,००० लोकांमागे एक, आदिवासी भागात २०,००० मागे एक. तिथे डॉक्टर असतात. आणि त्यावर ग्रामीण रुग्णालय, १,२०,००० लोकांमागे एक, आदिवासी भागात ८०,००० मागे एक. तिथे ३० खाटा असाव्यात आणि शल्यचिकित्सक, फिजिशियन, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ असे चार तज्ज्ञ असावेत, अशी ही योजना आहे. क्ष-किरण यंत्र, रक्त-लघवीची तपासणी, बाळंतपणाची खोली, शस्त्रक्रियेची खोली ही त्याची अंगे. त्याच्याही वर गोंदियातील मोठी रुग्णालये. २०१६ पासून तिथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे.

ही व्यवस्था एका दिवसात उभी राहिली नाही. स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षी, १९४६ साली, भोर समितीने सांगितले की डॉक्टर शहरात आणि रोगी खेड्यात हे चालणार नाही. २ ऑक्टोबर १९५२ रोजी समूह विकास योजना सुरू झाली आणि तिच्याबरोबर प्राथमिक आरोग्य केंद्रे येऊ लागली. १९७८ साली अल्मा आटा येथे जगातील देशांची परिषद भरली. आरोग्यसेवा माणसाच्या दाराजवळ असली पाहिजे आणि तिच्या कारभारात लोकांचा हात असला पाहिजे, असे त्या परिषदेने ठरवले. भारतानेही ते मान्य केले. १२ एप्रिल २००५ रोजी राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि त्यातून आशाताई गावोगाव आल्या.

खेड्यातल्या दवाखान्यात फार तर पडशाची गोळी मिळते, असे कुणी म्हणाले तर त्याला डॉ. हिंमतराव बावस्कर यांचे काम सांगा. १९७० च्या दशकात ते महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरीला होते. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने माणसे, विशेषतः लहान मुले, दगावत. त्यांनी रोग्याच्या उशाशी रात्र रात्र बसून, नाडी आणि रक्तदाब लिहून, विंचवाचे विष हृदयावर कसे काम करते ते शोधले. पुढे १९८० च्या दशकात प्राझोसिन हे औषध त्यावर लागू पडते, हे त्यांनी दाखवून दिले. मृत्यूचे प्रमाण कितीतरी खाली आले. ती माहिती इंग्लंडच्या ‘लॅन्सेट’ या साप्ताहिकात छापली गेली. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. या सगळ्या कामाची सुरुवात एका खेड्यातल्या सरकारी दवाखान्यात झाली.

साप चावला तर

आता पुन्हा त्या पहाटेकडे वळू. सन २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने गेली, असा २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा हिशेब आहे. म्हणजे वर्षाला सुमारे ५८,०००. त्यातली बहुतेक खेड्यांतली आणि निम्मी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतली. आपल्या रोवणीचे आणि निंदणीचे महिने ते हेच.

मांत्रिकाने वाचवले, असे आपण ऐकतो, आणि सांगणारा खोटे बोलत नसतो. पण त्यामागचे कारण समजून घ्या. आपल्याकडे दिसणारे बहुतेक साप बिनविषारी असतात. शिवाय विषारी साप चावला तरी दर वेळी तो विष सोडतोच असे नाही. अशा माणसाच्या कानात मंत्र म्हटला काय, न म्हटला काय, तो उठून बसणारच. ज्याच्या अंगात खरेच विष गेले आहे, त्याला मात्र मंत्र वाचवीत नाही. त्याच्यावर औषध एकच, सर्पविषरोधक लस. घोड्याच्या रक्तापासून ती तयार करतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर ती एकच लस चालते. म्हणून साप ओळखण्यासाठी त्याला मारून दवाखान्यात नेण्याची गरज नाही. त्या नादात दुसऱ्याला दंश होतो आणि वेळ जातो तो वेगळाच.

दंश झाला तर एवढे करा.

रोग्याला धीर द्या आणि आडवे करा. त्याला चालू देऊ नका, पळू तर मुळीच देऊ नका. चावलेला हात किंवा पाय मोडल्यावर बांधतो तसा बांबूच्या कामटीला सैल बांधा, म्हणजे तो हलणार नाही. अंगठी, बांगड्या, जोडवी, पैंजण लगेच काढा, सूज आल्यावर ती निघत नाहीत. दंशाची वेळ लक्षात ठेवा आणि १०८ ला फोन करा. गाडीला वेळ लागेल असे दिसले तर मिळेल त्या वाहनाने निघा. मोटारसायकल असेल तर रोग्याला दोघांच्या मध्ये बसवा.

आणि एवढे करू नका. दोरीने करकचून बांधू नका, त्याने हात-पाय सडतो. आधीच कुणी आवळून बांधले असेल तर वाटेत एकदम सोडू नका, ते काम डॉक्टरांपुढे होऊ द्या. ब्लेडने चिरू नका, तोंडाने ओढू नका, पाला किंवा चुना लावू नका, दारू पाजू नका.

दवाखान्यात गेल्यावर डॉक्टर रक्त एका कोरड्या काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटे ठेवतात. रक्त गोठले नाही तर घोणस किंवा फुरशासारख्या सापाचे विष असल्याचे कळते. पापण्या, श्वास आणि गिळणे पाहून नाग-मण्यारीचा अंदाज येतो. विषाची लक्षणे असली तरच लस देतात. ‘माझ्या माणसाला लस दिली नाही’ म्हणून भांडू नका. लसीचीही कुणाकुणाला रिॲक्शन येते, म्हणून ती उगाच देत नाहीत. पण लक्षणे नसली तरी एक दिवस-रात्र दवाखान्यातच थांबा, काही विषांची लक्षणे उशिरा दिसतात. श्वास मंदावला तर डॉक्टर कृत्रिम श्वास देत वरच्या रुग्णालयात पाठवतील. तेव्हा ‘इथे का नाही करत’ म्हणून वेळ घालवू नका.

ही लस प्राथमिक आरोग्य केंद्रातही ठेवतात. मृग लागण्यापूर्वीच एकदा जाऊन विचारा, लस आली आहे का, रात्री कोण असते, फोन नंबर कोणता. तो नंबर घराच्या भिंतीवर कोळशाने लिहून ठेवा. आणि ज्याला जमेल त्याने रोवणीच्या दिवसांत खाटेवर, मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपावे. मण्यार आणि हिवतापाचा डास, दोघांनाही एकाच जाळीने आडवता येते. रात्री बाहेर जाताना बॅटरी घ्या. तणशीच्या ढिगात आणि धानाच्या पुंजण्यात काठी आपटल्याशिवाय हात घालू नका.

एक व्यवहाराची गोष्ट. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत सर्पदंशाचाही समावेश आहे. मृत्यू झाला तर कुटुंबाला दोन लाख रुपये मिळू शकतात. पण त्यासाठी कागद लागतात. मांत्रिकाकडे गेलेल्या माणसाचा कागद नसतो.

माय आणि लेकरू

बाळंतपण हे दुखणे नव्हे, हे आपल्या आजीचे म्हणणे खरे आहे. पण दहा बाळंतपणे सुखरूप होतात तेव्हा अकरावे कसे होईल, हे आधी कुणालाच सांगता येत नाही. रक्तस्राव सुरू झाला तर तास-दोन तासांत बाई हातची जाते. तेवढ्या वेळात धुवाधार पावसात, फुटलेल्या नाल्यावरून वाहन आणणे म्हणजे काय, ते तुम्हांलाच ठाऊक. म्हणून बाळंतीण आधीच दवाखान्याजवळ असलेली बरी.

१ जून २०११ पासून केंद्र सरकारचा जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम सुरू आहे. त्यात सरकारी दवाखान्यातले बाळंतपण, गरज पडल्यास पोट उघडून केलेले बाळंतपण, औषधे, तपासण्या, रक्त आणि दवाखान्यात असेपर्यंतचे जेवण फुकट आहे. घरून दवाखान्यात, तिथून वरच्या रुग्णालयात आणि परत घरी सोडण्याची गाडीही फुकट आहे. त्यासाठी १०२ हा नंबर आहे. आजारी नवजात बाळाच्या उपचारालाही पैसे लागत नाहीत. हे उपकार नव्हेत, तो तुमच्या सुनेचा हक्क आहे. कुणी पैसे मागितले तर पावती मागा.

सासूबाईंना दोन शब्द. सून गरोदर राहिली की पहिल्या तीन महिन्यांतच सिस्टरकडे नाव नोंदवा. प्रत्येक तपासणीत रक्तदाब, वजन आणि रक्तातले हिमोग्लोबिन पाहायला लावा. रोवणी आहे, आता कसे जाऊ, असे म्हणू नका. पायावर आणि तोंडावर सूज, सतत डोके दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी, झटके, अंगावरून रक्त जाणे, पोटातल्या बाळाची हालचाल कमी होणे, यातले एकही दिसले तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठा. आठवा महिना लागला की एक गोष्ट नक्की विचारून घ्या. तालुक्याच्या रुग्णालयात शस्त्रक्रियेने बाळंतपण करणारे डॉक्टर आणि भूल देणारे डॉक्टर आहेत का? नसतील तर अडचणीच्या वेळी कुठे जायचे? हे आधी माहीत असले म्हणजे ऐन वेळी तीन दरवाजे ठोठवावे लागत नाहीत.

बाळ घरी आल्यावरही काम संपत नाही. आपल्या शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ पासून ‘सर्च’ या संस्थेद्वारे काम केले. ३९ गावांत त्यांनी गावातल्याच बायांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले. न्युमोनिया आणि जंतुदोष ओळखणे, बाळाला ऊब देणे, बाळ श्वास घेत नसेल तर काय करायचे, हे सारे. या कामाचा निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’ने छापला. नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. आज देशभर आशाताई बाळंतपणानंतर घरी येऊन बाळ पाहतात, त्याची मुळे गडचिरोलीच्या या गावांत आहेत. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर ४२ दिवसांत तिने सहा वेळा यायचे असते. ती आली की तिला पाट द्या आणि बाळ तिच्या हातात द्या. दृष्ट लागेल म्हणून आत लपवू नका.

मंडईतला पाहुणा आणि रक्ताची चिठ्ठी

दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. रात्री नाटक, दिवसा पाहुणे. कुणाची मुलगी, कुणाचा मुलगा, अशी बोलणी त्याच ओसरीवर निघतात. त्या बोलण्यांत एक गोष्ट अजून राहून जाते. ती म्हणजे सिकलसेल.

विदर्भाच्या पूर्वेकडील जिल्ह्यांत हा आजार जुना आहे. मध्य भारतातल्या माणसांत तो आढळतो, असे नागपूरच्या डॉक्टरांनी १९५८ सालीच लिहून ठेवले. यात रक्तातल्या तांबड्या पेशी गोल राहत नाहीत, विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मग हाडे-सांधे असह्य दुखतात, डोळे पिवळे होतात, रक्त कमी होते. लहान मुलाच्या हाता-पायाला सूज येते. असे मूल वारंवार रडते, वारंवार तापते, आणि आपण म्हणतो, ‘याला करणी झाली.’

हा शाप नव्हे आणि एका जातीचा रोगही नव्हे. हिवतापाच्या जंगली मुलुखात ज्यांच्या रक्तात हा गुण थोडासा होता, ती माणसे हिवतापातून अधिक तगली. म्हणून तो गुण पिढ्यान् पिढ्या टिकला.

यात दोन प्रकार आहेत, ते नीट ध्यानात घ्या. आई किंवा बाप यांच्यापैकी एकाकडूनच हा गुण आला तर तो माणूस वाहक, म्हणजे ‘एएस’. तो रोगी नव्हे. तो नांगर धरतो, रोवणी करतो, सगळ्यांसारखे आयुष्य जगतो. दोघांकडून आला तर तो रोगी, म्हणजे ‘एसएस’. आता गणित पाहा. एक वाहक आणि एक निरोगी यांचे लग्न झाले तर एकही मूल रोगी होणार नाही. दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक गरोदरपणात चारांत एक शक्यता रोगी मुलाची असते. पहिले मूल चांगले निघाले म्हणून दुसऱ्याची शक्यता कमी होत नाही.

म्हणून लग्नाच्या बोलणीआधी मुलाची आणि मुलीची, दोघांचीही रक्ततपासणी करून घ्या. साधी चाचणी खालच्या केंद्रातच होते आणि तिच्यात दोष दिसला तर पक्की चाचणी पुढे होते. दोघेही वाहक निघाले तर दुसरे स्थळ पाहा, यात कुणाची बेअब्रू नाही. मुलगी वाहक आहे एवढ्यावरून मात्र तिला नाकारू नका. आपला मुलगा वाहक नसेल तर या लग्नात काहीच अडचण नाही. दोन वाहकांचे लग्न आधीच झाले असेल तरी वाट बंद झालेली नाही. गरोदरपणाच्या सुरुवातीलाच डॉक्टरांना ही गोष्ट सांगा. पोटातल्या बाळाची तपासणी मोठ्या रुग्णालयात होऊ शकते.

घरात एसएस रोगी असेल तर त्याला रोवणीच्या थंड पाण्यात दिवसभर उभे करू नका. थंडी, तहान, अतिश्रम आणि ताप यांनी त्याचे दुखणे उसळते. त्याला भरपूर पाणी प्यायला द्या. फॉलिक ॲसिडची गोळी आणि डॉक्टरांनी दिले असेल तर हायड्रॉक्सियुरिया हे औषध नेमाने द्या. त्याने दुखण्याचे झटके कमी होतात. स्वतःच्या मनाने लोहाच्या गोळ्या मात्र देऊ नका. २०१६ च्या कायद्याने सिकलसेल हा आजार दिव्यांगत्वात धरला आहे, त्याचे प्रमाणपत्र काढून घ्या. १ जुलै २०२३ रोजी या आजाराच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले. २०४७ पर्यंतचे त्याचे उद्दिष्ट आहे. ते पुरे होणे न होणे दिल्लीइतकेच तुमच्या ओसरीवरही ठरणार आहे.

दवाखान्यात डॉक्टर नसतात, त्याचे काय?

हा लेख वाचून तुमच्यापैकी कुणीतरी म्हणेलच, ‘लिहायला काय जाते! आम्ही गेलो तेव्हा डॉक्टर नव्हते, औषध बाहेरून आणायला सांगितले.’ तुमचे म्हणणे खोटे नाही. मार्च २०२२ अखेरच्या सरकारी आकड्यांनुसार देशातल्या ग्रामीण भागातील सामुदायिक आरोग्य केंद्रांत जेवढे तज्ज्ञ हवेत, त्यांच्यापैकी सुमारे ८० टक्के कमी होते. इमारत आहे, यंत्र आहे, ते चालवणारा नाही, असे दृश्य कितीतरी ठिकाणी दिसते. हा दोष झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

पण त्यावर आपण काय करतो? कानाला हात लावतो आणि खासगीत जातो. तिथे पैसे पुरत नाहीत, तेव्हा धान पिकण्याआधीच विकतो, बैलजोडी काढतो, शेवटी धुऱ्याकडचा तुकडा गहाण पडतो. दुखणे हत्तीच्या पायाने येते आणि मुंगीच्या पायाने जाते, पण जाताना सात-बारा घेऊन जाते.

इथे मला आपल्या तलावांची आठवण होते. हे तलाव आपल्या पूर्वजांनी, विशेषतः कोहळी समाजाच्या जाणत्या माणसांनी बांधले. पाळीवर झाडे लावायची, पाटातला गाळ काढायचा, पाणी पाळीने घ्यायचे, हे सारा गाव मिळून करी. मालगुजारी गेली, १९५० च्या कायद्यानंतर तलाव सरकारचे झाले, आणि हळूहळू लोक म्हणू लागले, ‘तलाव सरकारी आहे.’ सरकारी म्हटले की तो कुणाचाच राहिला नाही. गाळ साचला, पाळ खचली, आणि नुकसान झाले ते बांधीवाल्याचे. दवाखान्याचेही तसेच होत आहे. चांगली ऐपत असलेली आणि चार शब्द बोलू शकणारी माणसे तिथे जाणे सोडतात. मग तिथे उरतात ते गरीब, ज्यांचे कुणी ऐकत नाही.

आपल्याला करता येण्यासारखे पुष्कळ आहे. ग्रामीण रुग्णालयाला रुग्ण कल्याण समिती असते, तिच्यावर लोकांचे प्रतिनिधी असतात. ते कोण आहेत, गेल्या बैठकीत काय ठरले, हे विचारा. गावात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते. ती कागदावर आहे की बसते, हे ग्रामसभेत विचारा. दवाखान्यात कोणती पदे रिकामी आहेत, कोणती औषधे संपली, याची यादी मागा आणि ठराव करून वर पाठवा. एकट्याने भांडल्याने सिस्टर दुखावते, काम होत नाही. ठरावाला मात्र उत्तर द्यावे लागते. महाराष्ट्रात २००७ पासून काही जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली. गावकऱ्यांनीच दवाखान्याची पाहणी करायची आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांपुढे ती वाचायची, असा तो प्रकार होता. बंद पडलेली उपकेंद्रे त्यातून उघडली, बाहेरून औषध आणायला सांगण्याची चाल कित्येक ठिकाणी थांबली.

आणि जे डॉक्टर, ज्या सिस्टर पाड्यावर राहून काम करतात, त्यांनाही गावाने धरून ठेवले पाहिजे. राहायला धड खोली, प्यायला पाणी, रात्री दारू पिऊन दार ठोठावणाऱ्यापासून संरक्षण, मुलांना शाळा, एवढे मिळाले नाही तर चांगला माणूसही बदली मागतो. हे सारे गावाच्या हातातले आहे.

पैशाची भीती असेल तर तीही काढून टाका. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार फुकट झाले आहेत, केसपेपरलासुद्धा पैसे नाहीत. वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय वेगळ्या विभागाकडे असते, तिथले नियम तिथे विचारावेत. मोठ्या आजारासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. त्यासाठी शिधापत्रिका आणि आधार कार्ड एका पिशवीत घालून खुंटीला टांगून ठेवा, म्हणजे घाईत शोधावे लागणार नाही.

येत्या बाजाराच्या दिवशी

तर मंडळी, एवढे वाचून अंक घडी करून ठेवू नका. येत्या बाजाराच्या दिवशी तालुक्याला जाल तेव्हा अर्धा तास काढा आणि ग्रामीण रुग्णालयात जाऊन या. कुणी आजारी नसताना जा. दार कोणते, रात्री कोणत्या खोलीत डॉक्टर असतात, सर्पविषरोधक लस आहे का, बाळंतपणाची सोय कुठवर आहे, सिकलसेलची तपासणी कोणत्या वारी होते, हे पाहून आणि विचारून घ्या. तिशी उलटलेल्यांनी त्याच फेरीत रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी. घरी आल्यावर ही माहिती चुलीपाशी सगळ्यांना सांगा, बायकांना आणि मोठ्या मुलांनाही. दंश झाला त्या रात्री तुम्ही घरी असालच असे नाही.

पाऊस येण्यापूर्वी आपण धुरे बांधतो, पाट साफ करतो. दवाखान्याची ही वाटही तशीच, पाऊस येण्यापूर्वी पायाखालची करून ठेवा.